ट्रॉटमध्ये पाय पुढे सरकतो, टाच वर येते, डावी रिकीब सुटते. काय करू?

मृणाल_के

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यानंतर पुण्यातल्या एका रायडिंग स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकायला लागले. वय एक्केचाळीस, काम दिवसभर संगणकासमोर बसून. घोडी रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड आहे. उंच, अंगानं चिंचोळी आणि स्वभावानं इतकी समजूतदार की माझ्या सगळ्या गडबडीत ती शांतपणे चालत राहते. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

चालीत, म्हणजे वॉकमध्ये, सगळं ठीक असतं. दुडकी, म्हणजे ट्रॉट, सुरू झाली की बिघडतं. मैत्रिणीनं बाजूनं काढलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. दुडकीच्या तालावर खोगिरात उठ-बस करताना माझा पाय तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या, पुढे, जवळजवळ घोडीच्या खांद्यापाशी गेलेला असतो. गुडघा खोगिराला गच्च चिकटलेला. टाच वर. आणि खाली येताना मी अलगद टेकत नाही, धपकन बसते. डावी रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, तर फेरीत कधीतरी सुटतेच. थोड्या वेळानं त्याच पायाची बोटं बधिर होतात.

उस्ताद फौजेतून आलेले आहेत, जीव लावून शिकवतात. त्यांचा एकच धोशा असतो, "एडी नीचे! एडी नीचे!" मी टाच दाबते, तर पाय आणखी पुढे जातो. "सीधा बैठो" म्हणाले की मी ताठ होते, आणि घरी आल्यावर कंबर धरते.

रिकीब लांब घ्यायची की आखूड? दोष खोगिराचा असू शकतो का? घरी करण्यासारखे व्यायाम आहेत का? आणि एक मनापासून विचारते, माझ्या धपकन बसण्यानं तिची पाठ दुखत असेल का?

कॅडेट_आर_व्ही

मृणालताई, मी कॉलेजात असताना एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी युनिटमध्ये होतो. आमच्याकडे गुडघा आणि खोगीर यांच्यामध्ये कागद ठेवायचे आणि दुडकीत तो पडता कामा नये. मांड पक्की हवी तर पकड गुडघ्याचीच हवी. तुमचा गुडघा चिकटलेला आहे ही चांगली गोष्ट आहे, तो सोडू नका. टाचेसाठी जिन्याच्या पायरीवर उभं राहून पोटऱ्या ताणा. बाकी सरावानं येईल.

पागेतला

मृणालताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण शेवटचं वाक्य घोडीबद्दल आहे. मी घोड्यांमध्येच वाढलो. आता गावाबाहेरच्या छोट्या पागेत मुलांना शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी टाच दाबणं पूर्ण थांबवा. टाच खाली ढकलली की घोटा आखडतो, घोट्यामागे गुडघा आखडतो आणि रिकिबीवर रेटा देऊन तुम्ही स्वतःलाच मागे ढकलता. रिकीब वरच्या एका टोकावर लटकलेली असते, रेटा दिला की ती पुढेच झुलणार. पाय पुढे गेला की बूड खोगिराच्या मागच्या भागात जातं आणि घोडीच्या चालीच्या तुम्ही एक ठेका मागे पडता. मग धपकन बसण्यावाचून गत्यंतर नसतं. याला चेअर सीट म्हणतात. उस्तादांची सूचना बरोबर आहे, पण टाच खाली जाणं हा परिणाम आहे. वरचं सगळं सुटं असेल तर शरीराचं वजन आपोआप मांडीतून, गुडघ्यातून उतरत टाचेपर्यंत पोचतं. टाच फार खाली जायलाही नको, पंजाच्या किंचित खाली असली की पुरे.

बाजूनं पाहिलं तर कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवेत. व्हिडिओ थांबवा आणि पडद्यावर पट्टी धरा. खालून घोडी काढून घेतली तर तुम्ही दोन पायांवर उभ्या राहाल की पाठीवर पडाल, एवढंच बघायचं.

कॅडेटदादा, तुमच्याशी या एका बाबतीत मी सहमत नाही. कागदाची कसरत मलाही करायला लावली होती, पण नवशिक्याला ती नडते. आंब्याची ओली कोय दोन बोटांत दाबली की वर निसटते, तसा गुडघ्यानं आवळणारा स्वार खोगिरातून वर निसटत राहतो. गुडघा आवळला की तोच पायाचा खिळा होतो आणि त्याखालची पोटरी मोकळी लोंबते, पुढेमागे झुलते. वजन गुडघ्याशीच अडल्यामुळे रिकिबीत उतरत नाही, म्हणून रिकीबही सुटते. गुडघा खोगिराला लागलेला असावा, दाबलेला नसावा. मांड पक्की होते ती तोलानं आणि आतल्या मांडीच्या सपाट स्पर्शानं.

आता सामान बघा. शिकाऊ स्वाराला दहा सूचना देण्याआधी मी नेहमी रिकिबीच्या वाद्या, म्हणजे रिकीब ज्यांना लटकते ते चामडी पट्टे, बघतो. आपण सगळे घोड्यावर डावीकडूनच चढतो, त्यामुळे डावी वादी वर्षानुवर्षं ओढली जाऊन लांबते. भोकं मात्र तीच राहतात. तुम्ही दोन्हीकडे सातव्या भोकात बक्कल लावलं तरी डावी रिकीब खाली असते. मग डावा पंजा रिकीब शोधत खाली ताणला जातो, टाच वर येते आणि रिकीब निसटते. तुमची नेमकी डावीच सुटते, म्हणून मला ही शंका दाट आहे. दोन्ही वाद्या खोगिरावरून काढा, एकाच खुंटीला शेजारी शेजारी टांगा आणि भोकाला भोक जुळतंय का बघा. चांगल्या पागेत डावी-उजवी वादी अधूनमधून अदलाबदल करतात.

लांबीचा अंदाज जमिनीवरूनच येतो. बोटांची टोकं खोगिराच्या त्या लोखंडी पट्टीला लावा जिथून वादी लटकते, हात सरळ करा, रिकिबीचा तळ काखेत आला पाहिजे. मग वर बसून दोन्ही पाय रिकिबीतून काढून लोंबते सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी लागला तर उड्या नसलेल्या, सपाटीवरच्या कामाला ती लांबी ठीक. नवीन असताना एक भोक आखूड चालेल. तुमचा उस्ताद अडथळे ओलांडायला लावेल तेव्हा आणखी आखूड होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या घोडदळातल्या काप्रिलीनं उडी घेताना मागे न रेलता घोड्याबरोबर पुढे झुकायची पद्धत आणली, तेव्हापासून उडीची रिकीब आखूडच असते. पण आज तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

खोगिराचं म्हणाल तर दोष असू शकतो. आपल्याकडच्या शाळांमध्ये बहुतेक कानपूरची, सगळ्या कामांना चालणारी किंवा उडीची खोगिरं असतात. काहींची ती लोखंडी पट्टी फार पुढे असते आणि बसायचा खोलगट भाग मागे. अशा खोगिरात कितीही चांगला स्वार बसवा, त्याचा पाय पुढेच जाईल. ओळखायचं असं: घोडी उभी असताना खोगिराच्या सर्वांत खोल जागी बसा, पाय सरळ रेषेत आणा आणि कोणाला तरी बाजूनं बघायला सांगा. वादी जमिनीला काटकोनात लोंबत असेल तर खोगीर निर्दोष. पाय रेषेत ठेवायला वादी मागे ओढावी लागत असेल तर दुसरं खोगीर मागा. संकोच करू नका. रेसकोर्सवरून आलेल्या थरोब्रेडची पाठ चिंचोळी आणि मानेमागचा उंचवटा मोठा असतो. खोगीर मागे कललेलं असेल तर त्यावर बसलेली बाई मागेच घसरणार.

यानंतर मांडी. हे नीट वाचा, सगळ्यात जास्त फरक यानं पडतो. कोणालातरी लगाम धरायला सांगा. रिकिबीतून पाय काढा. डाव्या हातानं खोगिराची पुढची कमान धरा. उजवा हात मागून घालून उजव्या मांडीच्या मागचा मांसल भाग मुठीत धरा आणि मागे-बाहेर ओढून सोडा. लगेच जाणवेल की मांडीचं हाड खोगिराला सपाट लागलं, गुडघा खाली उतरला आणि पंजा आपोआप पुढच्या दिशेला वळला. मग दुसरी बाजू. पंजे मुद्दाम आत वळवायचे नाहीत, वळण खुब्यापासूनच यायला हवं. माझ्याकडची मुलं प्रत्येक रपेटीआधी हे करतात. मोठ्यांनी तर करायलाच हवं, कारण खुर्चीवर बसून त्यांचा खुबा गंजलेला असतो.

मग रिकिबीत उभं राहणं. आधी घोडी उभी असताना, नंतर चालीत, मग दुडकीत, आयाळ किंवा गळ्यातला पट्टा धरून. गुडघे किंचित वाकलेले. पाय पुढे असेल तर तुम्ही मागे कोसळाल, फार मागे असेल तर मानेवर पडाल. मधली जागा शरीर स्वतः शोधतं. मी ओरडून जे शिकवू शकत नाही ते ही कसरत मुकाट्यानं शिकवते. दुडकीत अर्धी फेरी उभं राहणं जमलं की उठ-बस निम्मी सुधारली समजा.

उठ-बस करताना वर उठू नका. घोडी जेवढं उचलते तेवढंच घ्या आणि खुबा पुढे, हातांच्या दिशेला न्या. गुडघा त्या क्षणी खाली जातो. परत येताना पोट-कंबर सांभाळत, मांडीवरून सावकाश या.

"ताठ बसा" याचा अर्थ छाती काढून कंबर आत घेणं नव्हे. तसं केलं की कंबरेला कमान पडते, बुडाची दोन हाडं मागे वळतात आणि खालचा प्रत्येक धक्का कण्यात शिरतो. ती दोन्ही हाडं सरळ खाली खोगिरात रुतल्यासारखी वाटली पाहिजेत. नजर घोडीच्या दोन कानांमधून समोर. खाली पाहिलं की खांदे पुढे येतात आणि खांद्यांमागे सगळंच येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, त्रास होतो. धपकन बसणं पाठीच्या मागच्या भागात होतं आणि तिथे तिला आधार कमी असतो. घोडा मग पाठ खाली दाबतो, मान वर काढतो, पावलं आखूड टाकतो. एवढंच नाही, झुलणारी पोटरी प्रत्येक पावलाला तिच्या कुशीवर आपटते. म्हणजे तुम्ही सतत "चल, चल" म्हणताय आणि ती चालतेच आहे. शेवटी ती ऐकणं सोडून देते. मग लोक म्हणतात घोडा मठ्ठ झाला आणि हातात चाबूक घेतात. मला याचा फार राग येतो. रायडिंग स्कूलमधले कितीतरी चांगले घोडे असेच बहिरे होतात. तुम्ही पाय शांत करायला निघाला आहात हे त्या घोडीचं नशीब.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ

पागेतले काका, छान लिहिलंत. मी फक्त शरीराची बाजू जोडते.

मृणाल, दिवसभर खुर्चीत बसल्यानं खुब्यासमोरचे स्नायू आखूड होतात. मग घोड्यावर बसून मांडी खाली सोडायची म्हटलं की एकतर गुडघा वर येतो नाहीतर कंबरेला कमान पडते. तुमचं कंबर धरणं इथून येत असावं. एक गुडघा सतरंजीवर टेका, दुसरं पाऊल पुढे, टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळा आणि पोट आत न घेता खुबा अगदी थोडा पुढे न्या. मांडीच्या वरच्या भागात ताण आला की थांबा. तीसेक सेकंद, मग दुसरी बाजू, रोज. पुढे झेपावू नका, झेपावलं की ताण कंबरेत जातो आणि फायदा शून्य.

पायरीवरची पोटरी ताणणं ठीक आहे, पण ते सरळ गुडघ्यानं आणि वाकवलेल्या गुडघ्यानं, दोन्ही प्रकारे करा. घोड्यावर गुडघा वाकलेला असतो आणि तेव्हा पोटरीतला खोलवरचा स्नायू अडवतो. उकिडवं बसायची सवय असेल तर घोटा मुळात मोकळा असतो. टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का बघा. येत असेल तर तुमच्या घोट्यात काही दोष नाही आणि प्रश्न वरच्या आखडण्याचाच आहे.

मांडी घालून जमिनीवर जेवायला बसा. खुबा बाहेर उघडायला याइतका सोपा उपाय नाही.

बोटं बधिर होतात त्यासाठी बूट बघा. पंजापाशी घट्ट आहे का? आणि रिकीब पंजाच्या सर्वांत रुंद भागाखाली आहे का, की बोटांवरच सगळा भार? बूट आणि सामान बदलूनही बधिरपणा राहिला किंवा घोड्यावरून उतरल्यावरही टिकला तर कंबर तपासून घ्या.

माथेरानकर

आमचा घोड्यांचाच धंदा. माथेरानला गाड्या येत नाहीत, म्हणून पाहुणे घोड्यावर येतात. वरचं सगळं वाचलं, पटलं. बुटांवरून आठवलं म्हणून लिहितो. सपाट तळव्याचे स्पोर्ट शूज घालून घोड्यावर चढू नका. टाच नसलेला बूट रिकिबीतून आरपार जातो, माणूस पडला तर पाय अडकून फरफटतो. रिकीबही बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी मोकळी पाहिजे, दोन्हीकडे मिळून इंचभर. फार रुंद नको, फार अरुंद तर नकोच. लहान मुलांना मोठ्यांच्या रिकिबीत पाय घालून बसवतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो.

दुसरं, ताई, कधी डोंगरात घोड्यावर गेलात तर उतारावर पाहुणे घाबरून गुडघे आवळतात आणि पुढे वाकतात. उलट करा. पाय तंगापाशी, टाच खाली, अंग सरळ, लगाम थोडा सैल. घोड्याला मान लागते तोल सांभाळायला. चढावर पुढे व्हा आणि आयाळ धरा, लगामाला लोंबू नका. लाल मातीत पावसाळ्यानंतर घसरण असते, तिथे जनावरावर विश्वास ठेवावा.

हॅनोव्हरकर

जर्मनीत राहतो, इथल्या गावातल्या क्लबात आठवड्यातून दोनदा शिकतो. पागेतल्या काकांनी लिहिलं नाही ते एक सांगतो: लंजवरचा तास. शिक्षिका मध्ये उभी, हातात लांब दोरी, घोडा तिच्याभोवती गोल फिरतो, आणि तुमच्याकडे ना लगाम ना रिकीब. हात कंबरेवर किंवा आडवे पसरलेले. दिशा, वेग काही सांभाळायचं नाही, त्यामुळे सगळं लक्ष बैठकीवर. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे स्वार असे दीर्घ काळ लंजवरच बसवतात. पुण्यातही असा तास मिळू शकेल, उस्तादांना विचारा. रिकिबीशिवाय थोडाच वेळ करा मात्र. दमलं की माणूस गुडघे आवळतो आणि नको तेच अंगवळणी पडतं.

आणि 2023 च्या हांगचौ एशियाडमधलं आपलं ड्रेसाज बघा, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्यानं ठरलेल्या हालचाली करून दाखवायची स्पर्धा. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला, सांघिक सुवर्ण. घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर मिळालेलं पहिलं. पदकासाठी बघू नका, आवाज बंद करून फक्त स्वारांच्या गुडघ्याखालचा पाय बघा. घोडा एवढं नाचतोय आणि पोटरी जागची हलत नाही. मी एकेक राइड अशीच परत परत पाहतो आणि दुसऱ्या दिवशी अंगात काहीतरी उतरलेलं असतं.

मृणाल_के

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची शंका खरी निघाली. दोन्ही वाद्या खुंटीला टांगल्या, डावी चांगली बोटभर लांब. मोतद्दार मामाही बघत राहिले. उजवी डावीकडे लावली आणि लांबलेली उजवीकडे एक भोक वर घेतली. डावी रिकीब सुटणं जवळपास बंद झालं, आणि बोटं बधिर होणंही कमी आहे. बूट मात्र घट्टच होते, ते बदलले.

मांडी मागून ओढायचं केलं तेव्हा खरंच वाटलं की आजवर मी दुसऱ्याच जागी बसत होते. पाय खाली लांब झाला. दुडकीत उभं राहायला गेले तर आधी मागेच कोसळत होते, आयाळ धरून हळूहळू जागा सापडतेय. उस्तादांना लंजचं विचारलं, ते खूश झाले. म्हणाले, "पहले बोलना था." गुरुवारी पहिला तास आहे.

घोडीनं काल दुडकीत मान खाली सोडली आणि फुरफुरली. हे चांगलं लक्षण ना?

एकच अडचण. उजवीकडची वादी एका भोकानं वर घेऊनही फरक पूर्ण जात नाही, अर्ध्या भोकाचा उरतोच. नवीन वाद्या घ्याव्यात का? आणि पुन्हा लांबू नयेत म्हणून काय करायचं?

पागेतला

फारच चांगलं लक्षण. फुरफुरून मान खाली सोडते म्हणजे पाठ सैल झाली. त्या वेळी चटकन थांबून तिला लगाम मोकळा द्या, तिला कळतं.

वाद्या नव्याच घ्या, जोडी एकदम. आत नायलॉनचा गाभा आणि वर चामडं अशा मिळतात, त्या फारशा लांबत नाहीत. नुसत्या चामड्याच्या घेतल्यात तर आधी काही दिवस ताणू द्या, मगच भोकं मोजा. तोवर अर्ध्या भोकासाठी मोच्याकडून मधोमध एक जादा भोक पाडून घ्या, पण नीट मापून, कडेला फाटणार नाही असं. आणि चढायला ठोकळा वापरा. शाळेत नसेल तर दगडी कट्टाही चालेल. जमिनीवरून रिकिबीत लोंबत चढलं की वादी तर ताणतेच, शिवाय खोगीर तिच्या पाठीवर एका बाजूला ओढलं जातं. मामांना सांगा, चढताना उजवीकडून दुसरी रिकीब खाली दाबून धरायला.

गुरुवारी लंजवर आधी डाव्या हाताला फिरवायला सांगा, बहुतेक घोड्यांना ती बाजू सोपी जाते. तास झाला की कोणती बाजू जड गेली ते इथे लिहा.